सुभेदारकाकांचं खच्चर

सुभेदारकाकांकडे पियानो शिकायला गेलं की पहिला आठवडा पियानोला हात लावायला मिळत नसे. ते अंगणात उभं करून कदमताल करायला लावत. आम्ही दोघी जावा पदर खोचून, त्यांच्या लिंबाखाली जागच्या जागी पाय आपटतोय आणि काका पायरीवर बसून ओरडतायत, “बायाँ! दायाँ! बायाँ!” हे दृश्य पलूसच्या आमच्या आळीनं फुकटात पाहिलं. कुंपणापलीकडे बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी धाकटी जाऊ नंदा मात्र खुशाल हसत होती. “अक्का, झिम्माच हाय की हा!” म्हणाली. आणि काका म्हणाले, “धाकल्या बाईंचा ठेका पक्का हाय.” पहिल्याच दिवशी! तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते अजून काही थांबलेलं नाही.

आधी माझं सांगते, म्हणजे हे पोटदुखीचं प्रकरण नीट कळेल. माझं माहेर साताऱ्याचं. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्याकडून मी शिकले. लग्न होऊन इथं आले तेव्हा रुखवतात पेटी घेऊन आलेली मी गावातली पहिली सून. भजन असो, डोहाळजेवण असो, शाळेतलं स्वागतगीत असो, पेटीला मीच. पण मनात वेगळंच होतं. लहानपणी वडिलांबरोबर एकदा पाचगणीला गेले होते. तिथल्या एका शाळेच्या खिडकीतून माझ्याच वयाची एक मुलगी पियानो वाजवताना दिसली. दोन्ही हातांनी! डावा वेगळं बोलतोय, उजवा वेगळं बोलतोय, आणि मान अशी ताठ की जगात दुसरं कुणी नाहीच. पेटीवर आपला एकच हात वाजवतो, दुसरा बसतो भाता हलवत. त्या मुलीचा मला जो हेवा वाटला तो सगळ्या संसारात पुरून उरला. मरायच्या आधी एक गाणं दोन्ही हातांनी वाजवायचं, बास. देवाकडे मी दुसरं काही मागितलं नाही. सुनेला जरा अक्कल दे, एवढं मधूनमधून मागते, पण ते वेगळं.

काका आमच्या आळीच्या टोकाला राहायचे. घर ऊसवाल्यांचं, पण मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले आणि तिथं बँडमध्ये लागले. क्लॅरिनेट शिकले, पुढं पियानो शिकले, आणि साहेबांच्या मेसमध्ये संध्याकाळी पियानो वाजवायचं काम त्यांच्याकडे आलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर बरीच वर्षं गप्प शेती केली. मग पाचगणीच्या कुठल्याशा शाळेनं जुना पियानो काढून टाकल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि काका तो घाटातून उतरवून घेऊन आले. टेम्पोत खाली उसाचं पाचट, वर पाचट, मधे पियानो. लोकांना वाटलं कपाट आलं. त्यांच्या मालकीण शालनकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ह्यो हत्ती आनलाय, आता ह्येला वैरन कोन घालनार?”

पाचगणीचं नाव ऐकलं आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं की हा तोच पियानो, त्या खिडकीतला. असेल नसेल, मला कुठं कोर्टात सिद्ध करायचंय! दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आवरून मी काकांच्या दारात हजर झाले.

नंदाला मी बोलावलं नव्हतं. ती आटपाडीकडची, मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली. आमचे नवरे सख्खे भाऊ, एका कुंपणात दोन घरं, मधे एक भिंत. तिचं काही वाईट नाही, हेच तिचं वाईट. तिची पोळी फुगते. तिचं दही लागतं. तिनं कुंडीत काडी खोचली तरी झाड होतं. मी सगळं शिस्तीत करते आणि माझंच करपतं. “अक्का, मी बी येऊ का? नुसती बसून बगते,” म्हणाली. नुसतं बसून बघते म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

कदमतालाचा आठवडा संपला आणि आम्हाला आत घेतलं. आत गेल्यावर पुन्हा परेड. हात पुढे करायचे, पालथे करायचे, नखं दाखवायची. मग काका ओल्या फडक्यानं पियानोच्या पट्ट्या पुसायचे. हंगाम सुरू असला की कारखान्याच्या धुराड्याची काजळी उडून येते, ती पांढऱ्या पट्ट्यांवर बसायची. पुसताना ते आमच्याशी बोलत, पण बघत मात्र आमच्या हातांकडे. पिशवी कुठल्या हातानं ठेवली, चहाची कपबशी कशी धरली, बोलताना कुठला हात हलतो. मला वाटायचं म्हातारा उगीच रोखून बघतोय. पण त्यांचं काम तेच होतं. ते गाणं निवडत होते.

कारण काकांकडे सगळ्यांना एकच पहिलं गाणं, असं नव्हतं. “दवाखान्यात काय सगळ्यांना एकच गोळी द्येत्यात व्हय?” म्हणायचे. चौकातला मेडिकलवाला त्यांच्याकडे यायचा, सदा घाईत, बोलताना वाक्यसुद्धा पुरं करायचा नाही. त्याला काकांनी जे गाणं दिलं त्यात सूर कमी आणि थांबणंच जास्त. बिचारा थांबून थांबून घामाघूम व्हायचा. “हां, थांबा! कुटं न्हाई जात दुकान!” काका मागून ओरडायचे. ही गाणी छापलेली नसत. काका ज्याला जसं हवं तसं दोन-चार ओळींचं गाणं तिथंच बसून जुळवायचे.

मला अर्थात त्यांच्या निवडीची गरज नव्हती. तीस वर्षांची पेटीवाली मी! मी माझं गाणं मोबाईलवरून आधीच निवडून नेलं होतं. परदेशी होतं, निम्म्या जगाच्या फोनची घंटा असते तसलं. काकांना ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

“झकास हाय,” म्हणाले. “कुनाच्या बोटांसाठी घेतलंय?”

“माझ्या.”

“ह्या बोटांसाठी, का पुढं कवातरी येनाऱ्या बोटांसाठी?” मी मोबाईल पिशवीत ठेवला. “आवं थोरल्या बाई, भरती झाल्या झाल्या कुनी कर्नलसायबाची वर्दी मागतं का? अंगाला तर बसत न्हाईच, आन् लोकं सलाम माराया लागल्यावर लय पंचाईत व्हती.”

नंदा खुदकन हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर घरी गेली असती.

मग काका म्हणाले, बसा, काहीही वाजवा, पेटीवरचं वाजवा. मी बसले. उजव्या हातानं आमच्या भजनी मंडळाचा नेहमीचा अभंग धरला आणि ऐटीत वाजवायला लागले. सूर छान लागत होता. दोन ओळी झाल्या असतील, तोच काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, “ही फळी का ढकलतीयास गं?”

माझा डावा हात पियानोच्या समोरच्या फळीवर होता आणि तिला आपणहून धक्के देत होता. भाता! मला पत्तासुद्धा नव्हता. हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, पुन्हा वाजवायला लागले, की हा पुन्हा वर. पेटीवाल्या माणसाचा हा रोगच आहे. काका पुढं आले, वाकून बघितलं.

“वारा कुनाला घालताय? ह्येला उकडत न्हाई.”

हसून हसून नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र हसले नाहीत. माझा डावा हात त्यांनी उचलला, भाजी पारखावी तसा उलटासुलटा केला आणि पियानोच्या पार खालच्या अंगाला, जिथं जाड, घोगरे सूर असतात, तिथं नेऊन ठेवला. चार सूर दाखवले. “ह्येच. फिरून फिरून ह्येच. उजवा मांडीखाली घालून बसा.”

“आणि उजव्या हाताचं?”

“न्हाई. ह्येच तुमचं पयलं गानं. ह्येचं नाव खच्चर.”

खच्चर! म्हणजे ओझी वाहणारं खेचर! आणि त्याच दुपारी नंदाला काय दिलं? पाळणा. उजव्या हाताचा, वरच्या गोड सुरांतला, ऐकणाऱ्यानं मान डोलवावी असा. का तर म्हणे, “धाकल्या बाईंनी कवा वाद्याला हात लावला न्हाई. पयल्याच दिवशी गोड वाजलं तरच त्या उद्या येत्याल.” म्हणजे तिला गूळ आणि मला पेंड. मी स्पष्ट सांगितलं, “काका, शुभ कामाला डावा हात कुणी लावतं का? सून घरात येते ती उजवं पाऊल टाकून.”

“सुनंचं मला ठाव न्हाई. फौजंत पयलं पाऊल डावं. बायाँ! जो उजवं टाकतो त्यो अख्ख्या पलटनीच्या पायात येतो.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “खच्चर म्हंजी शिवी न्हवं, बाई. आमी बर्फात होतो तवा तोफंचं सामान डोंगरावर खच्चरच न्ह्यायचं. एका चालीनं. ना वर बगायचं, ना खाली. सायेब मागनं हेलिकॉप्टरमधनं यायचा.”

ते ठीक आहे हो. पण हेलिकॉप्टर नंदाला मिळालं होतं ना!

असे महिने गेले. मी रोज जायचे आणि रोज तेच चार सूर, फिरून फिरून. जरा जलद केले की काका म्हणत, “चढ हाय.” जरा ठासून वाजवले की म्हणत, “पाठीवर तोफ हाय, नाचू नगा.” तोवर नंदाचा पाळणा पुरा झाला, दुसरं गाणं झालं, तिसरं सुरू झालं. ती घरी भांडी घासताना गुणगुणायची आणि मधल्या भिंतीतून ते मला ऐकू यायचं. मी मिक्सर लावायचे.

शिकवणी संपली की शेवटचं गाणं काका स्वतः वाजवायचे. त्याला नाव नव्हतं. बर्फातल्या ठाण्यावर बोटं आखडू नयेत म्हणून ते शिध्याच्या लाकडी खोक्यावर बोटं आपटत बसायचे, त्यातून ते जुळलं म्हणे. पुढं मेसमध्ये रोज दिवे मालवायच्या आधी हेच वाजवायचे. सुरुवातीला खाली काहीतरी संथ चालू व्हायचं आणि मग उजवा हात वरून असा अलगद यायचा, की काकूसुद्धा तांदूळ निवडायचं थांबायच्या. मी सगळा जीव त्या उजव्या हाताकडे लावून बसायचे. मला हे हवं होतं. हेच. दोन्ही हातांनी. पण माझ्याआधी नंदानं तोंड उघडलं. “काका, ह्ये शिकवा की.” कसली लाज नाही, काही नाही! काका म्हणाले, “ह्येचा उजवा सोपा हाय, धाकल्या बाई. डावा मिळाया पायजे.” मला काही त्याचा अर्थ लागला नाही. ती पुढं गेली आणि मी मागं राहिले, एवढंच मला दिसलं.

गणपतीत आळीच्या कार्यक्रमाला पियानो काकांच्या सोप्यावर आणला. नंदानं पाळणा वाजवला. जरीचं लुगडं नेसून, मान ताठ करून. ती मान बघितली आणि मला पाचगणीची खिडकी आठवली. टाळ्या थांबेनात. आमच्या ह्यांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या तीस वर्षांच्या पेटीला हा माणूस कधी बसूनसुद्धा वाजवत नाही. मग काकांनी माझं नाव पुकारलं. सगळ्या आळीसमोर चार घोगरे सूर फिरवत बसू? मी डोकं दुखतंय म्हणून घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी मात्र गेले. बसलेसुद्धा नाही. “काका, मला दोन्ही हातांचं गाणं द्या, नाहीतर उद्यापासून मी येत नाही.”

काका पियानोच्या पट्ट्या पुसत होते. “दोन्ही हात तुमच्याकडं अजून कुटं हायती? एकच हाय. दुसरा मी रोज थोडा थोडा जागा करतोय.”

“इतके महिने?”

“तीस वर्सं वारा घातलाय त्यानं. लगीच कसा उठंल?”

“नंदाला बरं सगळं लगेच मिळतं!”

“मंग? त्या त्यांचं गानं वाजवत्यात. तुमी बी त्यांचंच वाजवताय, मनात.” फडकं झटकून त्यांनी घडी घातली. “गानं म्हंजी पायातला बूट असतो, बाई. दुसऱ्याचा घालून दौड व्हत न्हाई. बरं, नगा येऊ. पर खच्चर सोडू नगा. टेबलावर वाजवा, खोक्यावर वाजवा.”

मी तरातरा निघून आले आणि गेले नाही म्हणजे नाही. नंदा जायची. कुंपणाच्या फाटकाशी थांबून रोज विचारायची, “येताय न्हवं अक्का?” मी म्हणायचे, “तू जा. तुझं चांगलं चाललंय.” हे वाक्य मी कसं म्हणायचे ते ऐकून आमच्या घरचं मांजरसुद्धा बाहेर जायचं. पण एक सांगते. दूध तापायची वाट बघत ओट्यापाशी उभी राहिले की माझा डावा हात ओट्यावर आपणहून चालायला लागायचा. तेच चार. चढावर चालल्यासारखे. मी त्याला दामटून बंद करायचे, तो पुन्हा सुरू.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा काकांना अर्धांगाचा झटका आला. सांगलीला दवाखान्यात होते. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली. घरी आणल्याचं कळलं तरी माझे पाय उचलेनात. कुठल्या तोंडानं जायचं? अशात एका दुपारी दारात शालनकाकू. त्या बाई कधी कुणाच्या दारात जात नाहीत.

“चल. डावा मागत्यात.”

“मला बोलावलंय?”

“तुजा डावा मागत्यात. तू येशीलच की त्याच्यासंगं.”

गेले. काका पियानोच्या बाकावर उजव्या टोकाला बसले होते, पाठीला उशा लावून. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. मला रडू यायला लागलं तर म्हणाले, “रडाया काय झालं? डावा रजेवर ग्येलाय. बिनपगारी. बसा.”

मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले. जन्मात पहिल्यांदा त्या बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी.

“खच्चर वाजवा. दमानं.”

मी सुरू केलं. चार सूर फिरले, पुन्हा फिरले. ओट्यावर इतके दिवस चाललेला हात, त्याला आता काही सांगावं लागत नव्हतं. आणि मग त्यांचा उजवा हात वरून अलगद आला. तेच गाणं! बर्फातलं, मेसमधलं, रोज शेवटी वाजायचं ते. त्याच्याखाली संथ चालणारं जे काही होतं, ते माझं खच्चर होतं. आणि इतके महिने मी समोर बसून ते ऐकलंच नव्हतं, सगळा कान उजव्याला लावलेला.

“काका, हे तर...”

“गप. खच्चर चढावर बोलत न्हाई.”

मी वाजवत राहिले. डोळे वाहत होते, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा होता पण सुचलंच नाही. दारात नंदा उभी होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं आणि ती आमच्याकडे बघत होती. त्या क्षणी मला तिची दया आली, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मला गुदगुल्या झाल्या.

पुढं रोज दुपारी आम्ही वाजवायचो. काका थकायचे, मग गप्पा. मी एकदा विचारलंच, “सगळ्यांना ज्याचं त्याचं गाणं दिलंत. मला का हे?”

“सगळ्यांना त्यांचं दिलं. तुमाला माजं दिलं.”

“मग आधीच सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुमी लगीच उजवा मागितला असता.”

हे अगदी खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. काका उजव्या हातानं काजळी पुसत हसत होते. मग म्हणाले, “आता डावा जागा झालाय. हळूहळू उजवा बी तुमचा तुमी आना त्याच्यावर. दोन्ही हात पायजे होते न्हवं?” मी म्हटलं, “येवढ्यात नको. तुम्ही आहात की.” त्या दिवशी आम्ही ते दोनदा वाजवलं.

संक्रांतीच्या आधी दुसरा झटका आला आणि काका गेले. फौजेतले जुने लोक गोळा झाले, कुणीतरी बिगुल वाजवला. मी काकूंच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. जरा वेळानं काकू रडता रडता थांबल्या. “थांबू नगंस,” म्हणाल्या. “त्येच वाजीव.” तेव्हा मला कळलं की माझा हात त्यांच्या पाठीवर ते चार सूर धरून चालत होता.

दिवस-कार्य झालं आणि काकूंनी आम्हा दोघींना बोलावलं. हत्ती आता त्यांना नको होता, लेक त्यांना पुण्याला नेणार होती. “भांडू नगा. ज्या दारातनं जाईल तिचा,” म्हणाल्या आणि अंगणातली वेळूची काठी पियानोच्या मापाची तोडून दारं मोजायला निघाल्या. माझं नवं दार! नंदाच्या दारापेक्षा भारी दिसावं म्हणून मीच हट्टानं बसवून घेतलेलं, नक्षीची जाड चौकट, पुढं जाळीचं दुसरं दार, सगळं मिळून वाट झाली होती अरुंद. काठी माझ्या दारात अडकली. नंदाच्या जुन्या दारातून सरळ आत गेली. आमचे हे म्हणाले, “एका भिंतीपलीकडं तर हाय, काय बिघडतं?” ह्यांना आयुष्यात कशानंच काही बिघडत नाही.

तर आता पियानो नंदाच्या सोप्यात आहे आणि मला रोज तिच्या दारात जावं लागतं. ती चहा ठेवते. मी बसते, उजवा हात मांडीखाली घालते आणि खच्चर वाजवते. दोन्ही हातांनी मला आता येईल, काका म्हणाले होते. घरी टेबलावर करूनही बघितलं, येतं. पण पियानोवर उजवा हात वर न्यावा म्हटलं की त्या जागी काकांचा हात दिसतो. मग मी आपली नुसतं खच्चर चालवते, पाठीवर काहीही नसताना.

परवा वाजवत होते आणि मागून नंदा म्हणाली, “अक्का, उजवा मला येतो.”

मी थांबले. “तुला कुणी शिकवला?”

“कुनी न्हाई. दारात हुबी ऱ्हायची न्हवं मी. बगून बगून बोटात बसला.” मग ती अशी काही बोलली की मी वळून तिच्याकडे बघतच राहिले. “लय जळायची मी तुमच्यावर. मला गानी दिली काकांनी, पर शेजारी कदी बसवलं न्हाई. तुमाला बसवलं. घरी जाऊन रडायची मी. म्हनायची, अक्कांचंच सगळं ब्येस असतंय.”

माझं! माझं सगळं बेस! इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं, की कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. तिला म्हटलं, “आधी का नाही बोललीस गं?” ती म्हणाली, “तुमी मिक्सर लावायचा.”

मी बाकावर डावीकडे सरकले. ती उजव्या टोकाला, काकांच्या जागी बसली. पदर सारखा केला, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागली. या गाण्याची सुरुवात डाव्याची आहे. खच्चर चालायला लागल्याशिवाय उजव्याला येता येत नाही. बघत होती बिचारी, मी कधी सुरू करते म्हणून.

मी मुद्दाम जरा थांबले.